वाटीतलं पाणी

"आज काय घातलंय, सांगा बरं," असं म्हणत यमुनाताईंनी काशाची लहानशी वाटी माझ्यापुढे धरली.

त्यांच्या आरोग्यमळ्यातली, म्हणजे माती-पाण्याच्या दवाखान्यातली, ती माझी पहिलीच सकाळ होती. नुकतंच एका नाकपुडीत कोमट मिठाचं पाणी ओतून दुसरीतून काढायला लावलं होतं, त्याला नेती म्हणतात. त्यानं डोळे लाल झाले होते आणि डोकं भणभणत होतं. मी वाटी घेतली, घोट तोंडात घोळवला आणि डोळे मिटले. उभा जन्म आमट्या चाखल्या, तेव्हा चाखायची ऐट काही नव्यानं शिकायची नव्हती. येताना स्वयंपाकघराच्या दाराशी सुपात धने निवडायला काढलेले मी पाहिले होते.

"धने," मी म्हणालो.

"हं," ताई म्हणाल्या आणि वाटी घेऊन पुढच्या पेशंटकडे गेल्या.

आता खरं काय ते सांगतो. माझ्या जिभेला काही म्हणजे काही लागलं नव्हतं. नाकालाही नाही. वर्ष उलटून गेलं होतं, मला आमटी आणि आंघोळीचं पाणी सारखंच होतं.

माझं नाव मल्लाप्पा शेटे. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात चाळीस लग्नांच्या तिथ्या असल्या तरी लोक आधी "मल्लूअण्णा मोकळे आहेत का" म्हणून विचारायचे आणि मग मुहूर्त धरायचे. माझ्या हातची वांग्याची भाजी खाऊन रुसलेले व्याही हसलेले मी पाहिलेत. चुलीचा धूर सोसायला मी तरुणपणी तपकीर ओढायला लागलो आणि जागरण सोसायला तंबाखू. धूर आणि जागरण दोन्ही सोसलं, पण नाक आणि जीभ हळूहळू कधी निघून गेली ते कळलंच नाही. हाताला माप होतं, डोळ्याला रंग कळत होता, उकळीचा आवाज ओळखीचा होता. त्यावर मी वर्षभर निभावून नेलं.

मग मिरजेच्या एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न आलं. माझा चेला भूपाल यानं आमटीत मीठ घातलं आणि तो भांडी मोजायला गेला. मला वाटलं राहिलंय, म्हणून मीही घातलं. मग पळीभर चाखली, आणि नेहमीसारखं "झकास, बसवा पंगत" म्हणालो. पहिली वाढ झाली आणि पंगतीत एकदम सामसूम झाली. मुलाकडचे एक म्हातारे गृहस्थ उठून आत आले. ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "आचारी, एक वाटी स्वतः खाऊन बघा."

मी खाल्ली. सगळ्यांच्या देखत, भुरके मारत, वाटी संपवली आणि म्हणालो, "काय वाईट आहे हिच्यात?" तेव्हा भूपालचा चेहरा मी पाहिला. ती आमटी माणसाला घशाखाली उतरवता येत नव्हती म्हणे. मी तोंडसुद्धा वाकडं केलं नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्या दिवशी सगळ्या मांडवाला कळलं.

त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही. मी घरी बसलो आणि तपकीर दुप्पट ओढायला लागलो. शेवटी माझी धाकटी बहीण निलव्वा आली. तिच्या गिरिजाचं लग्न ठरलं होतं. गिरिजा लहान होती तेव्हापासून मी तिला शब्द दिला होता, की तुझ्या लग्नाला आचारी मी. मामाकडून दुसरं काही मागायचं नाही आणि मामानं दुसरं काही द्यायचं नाही. निलव्वा मांडवातली हकीकत ऐकून होती, पण तिनं त्याचं नाव काढलं नाही. शिराळ्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला एक बाई माती-पाण्यानं औषध करतात, तिच्या जावेचा दमा तिथं बराच हलका झाला, एवढंच सांगून ती गेली.

मला हसू आलं होतं. माती आणि पाणी मी जन्मभर पायाखाली तुडवलं होतं. पण लग्न वैशाखात होतं आणि बुडत्याला काडीचा आधार, म्हणून गेलो.

डॉक्टर यमुना खोत, म्हणजे यमुनाताई, पन्नाशीच्या होत्या. उंच, सावळ्या, पायात रबरी चप्पल, आणि बोलणं मोजकं. त्यांनी मला लगेच दाखल करून घेतलं नाही. आधी मिरजेला नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. आत गाठबीठ काही नाही, मेंदूचं काही दिसत नाही, असं त्यांनी सांगितल्यावरच ताईंनी खोली दिली. तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अण्णा, जीभ परत येईल अशी हमी मी देत नाही. तपकीर-तंबाखू सुटली, अंगातली आग कमी झाली, झोप आली, तर पुढचं शरीर बघेल. आपण त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं."

हमी न देणारा वैद्य मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या धंद्यात असं बोललं तर कुणी कामाचा नारळसुद्धा हातावर ठेवणार नाही.

तपकिरीची डबी त्यांनी माझ्याकडून काढून घेतली नाही. "फेकायला तुमचाच हात हवा," म्हणाल्या. ती डबी माझ्या उशाशी काही दिवस तशीच पडून होती. डोकं फुटायची पाळी आली. मग एकदा चिडून मी ती उचलली आणि खताच्या खड्ड्यात भिरकावली. ताई तिथंच पपईच्या झाडाला पाणी घालत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, पण दुपारी माझ्या डोक्यावर त्यांनी स्वतः ओल्या फडक्याची घडी ठेवली आणि बराच वेळ शेजारी बसून राहिल्या.

तिथला दिवस साधा होता. पहाटे उठायचं, नेती करायची, चालून यायचं, पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवून पडायचं, टबात कंबरभर थंड पाण्यात बसायचं. सुरुवातीचे दिवस लिंबू आणि मधाच्या पाण्यावर काढले, नंतर फळं, आणि मग बिनमिठाची उकडलेली भाजी. मीठ फक्त नाकात ओतायचं, तोंडात नाही, हा तिथला न्याय. मला रिकामं बसवेना, म्हणून मी मातीच्या पट्ट्या करायचं काम मागून घेतलं. काळी माती चाळून, भिजवून, चांगली मळायची असते. मळण्यात माझा हात कोण धरणार? पहिल्याच दिवशी मी कणीक मळावी तशी माती मळली, आणि हात बसलेला असल्यामुळे सवयीनं तिच्यात पळीभर तिळाचं तेल कडकडीत करून मोहन घातलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर पोतदार नावाचे एक निवृत्त बेलिफ होते. साखरेचे पेशंट, आयुष्यभर लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवलेले. त्यांच्या पोटावर माझी पट्टी ठेवली आणि ते जरा उठून बसले, तर ती जी घसरली ती थेट धोतराच्या निऱ्यांत. ज्यांच्या-ज्यांच्या पोटावर ती माती होती, त्या सगळ्यांची हीच गत झाली. पोतदार म्हणाले, "एवढ्या नोटिसा चिकटवल्या नोकरीत, पण असली निसटलेली पहिलीच." ताईंनी माती बोटावर घेऊन चोळली, वास घेतला, आणि ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अण्णा, चकल्या नाही करायच्यात," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माती मळायला त्यांनी पुन्हा मलाच बोलावलं.

आणि रोज सकाळी ती वाटी असायची.

"आज काय घातलंय?" ताई विचारायच्या. मी आधी स्वयंपाकघरावरून एक फेरी मारून ठेवलेली असायची. पाट्यावर जिरं दिसलं की "जिरं" म्हणायचं. ओव्याची बरणी बाहेर दिसली की "ओवा, पण जरा कमी पडलाय." अशी काहीतरी पुस्ती जोडली की खरं वाटतं. एकदा काहीच दिसलं नाही, तेव्हा "बडीशेप" ठोकून दिलं. ताई दर वेळी "हं" म्हणायच्या आणि वाटी घेऊन जायच्या. चूक म्हणाल्या नाहीत, बरोबरही म्हणाल्या नाहीत. मी मनात म्हणायचो, बाई मोठी डॉक्टर असेल, पण आचाऱ्याला फसवणं तिच्या बापाला जमायचं नाही. जीभ नसली तरी डोळे होते ना.

लग्न जवळ आलं तशी निलव्वा भेटायला आली. आम्ही आंब्याखाली बसलो. तिनं पिशवीतून माझ्यासाठी दोन चिकू काढले, गिरिजाच्या साडीचा रंग सांगितला, आणि मग जमिनीकडे बघत म्हणाली, "अण्णा, मनाला लावून घेऊ नको. भूपालला सांगून ठेवलंय मी. तू नुसता मामा म्हणून पोरीच्या मागं उभा राहा. तेवढं लई झालं."

ती चांगल्या मनानं म्हणत होती, म्हणून जास्त लागलं. मी ताडकन म्हणालो, "जीभ आली माझी. रोज परीक्षा घेते ती बाई, अन् रोज पास होतोय."

निलव्वाचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. ती तशीच उठून ताईंकडे गेली आणि मला घरी कधी सोडणार म्हणून विचारलं. ताईंनी तिला पन्हं दिलं, गिरिजाची चौकशी केली, आणि अजून आठवडाभर राहू दे म्हणून सांगितलं.

ती एस्टीत बसून गेल्यावर मी ताईंपुढे जाऊन उभा राहिलो. राग नाकापर्यंत आला होता.

"एकदा तरी चुकलो का मी?" मी विचारलं.

"तसं मी कुठं म्हटलं?"

"मग सोडा की मला. लगीन तोंडावर आलंय, सामान भरायचं, चुली बांधायच्या."

"दार उघडंच आहे अण्णा. इथं कुणाला बांधून ठेवत नाही." त्या शेंगा सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. "फक्त जायच्या आधी एक ठरवून जा. गिरिजाच्या आमटीत मीठ किती पडलंय, हे त्या दिवशी तुम्हाला कोण सांगणार?"

मी खोलीत आलो, बोचकं बांधलं, आणि त्याच्यावरच बसून राहिलो. मिरजेच्या त्या मांडवातली सामसूम मला पुन्हा ऐकू आली. माझी अब्रू गेली होती ती गेली, पण गिरिजाच्या सासरची माणसं पहिल्या घासाला हात तोंडाशी धरून बसतील, आणि ती पोर बोहल्यावरून ते बघेल, हे काही मला सोसवेना. मी बोचकं सोडलं. निलव्वाला निरोप द्यायचं ठरवलं, की भूपाललाच करू दे, मी नुसता मागं उभा राहतो. पण त्याआधी ताईंना खरं सांगायला हवं होतं. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरावरून फेरी मारणं बंद केलं. तरी वाटी पुढे आली की धीर व्हायचा नाही. "काय की, नीट ध्यानात येत नाही आज," असं पुटपुटून दोनतीन सकाळी मी वेळ मारून नेली. ताई "हं" म्हणायच्या.

मग ती सकाळ आली. मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढायला माणसं लागली होती, दोर आणि पाट्या सगळीकडे पडल्या होत्या. मी नेती करून, ते पाणी खाकरून थुंकून, ओट्यावर येऊन बसलो. आज सांगून टाकायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं, की ताई, मला पहिल्या दिवसापासून काही कळत नाही.

"आज काय घातलंय?"

मी घोट घेतला. घोळवला नाही, डोळे मिटले नाहीत, ऐट कशाची करायची आता? सरळ गिळला.

"काही नाही घातलेलं," मी म्हणालो. "आणि हे पाणी आपल्या विहिरीचं नव्हं."

ताईंनी "हं" म्हटलं नाही. वाटी घ्यायला पुढे केलेला त्यांचा हात तसाच राहिला. "कशावरून?" त्यांनी विचारलं.

"विहिरीचं मचूळ आहे जरा. त्यात डाळ लवकर शिजणार नाही. हे गोड आहे, वरच्या झऱ्याचं असंल," असं मी बोलत गेलो, आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. नेतीचं पाणी मघाशी घशात उतरलं होतं ते खारट होतं, हे मला तेव्हा आठवलं. खारट होतं म्हणून तर मी खाकरून थुंकलो होतो. आदल्या दिवशीही थुंकलो होतो.

ताई आत गेल्या आणि तीन वाट्या घेऊन आल्या. दोन विहिरीच्या, कालच्या घागरीतल्या, आणि एक झऱ्याची. मला पाठ करून बसवलं आणि उलटसुलट करून एकेक हातात दिली. मी सांगितलं. पुन्हा दिल्या, पुन्हा सांगितलं. पोतदार खिडकीतून बघत होते, त्यांनी जोरात टाळी वाजवली. ताई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "रोज पाणीच होतं."

मला आधी उमगलंच नाही. "म्हणजे? धने?"

"धने नव्हते. जिरं नव्हतं, ओवा नव्हता. बडीशेप तर इथं आणतच नाही आम्ही. पहिल्या दिवसापासून साधं विहिरीचं पाणी."

त्या माझ्याकडे न बघता समोरच्या विहिरीकडे बघत म्हणाल्या, "'चव लागते का' असं विचारलं असतं, तर तुम्ही 'लागते' म्हणाला असतात. आचाऱ्याला दुसरं म्हणता येत नाही. म्हणून मी पाणी द्यायचं ठरवलं. ज्या दिवशी तुम्ही पाण्याला पाणी म्हणाल, त्या दिवसाची वाट बघत होते."

"आणि मी रोज थापा मारत होतो तेव्हा का नाही बोललात?"

"खोटं उघडं पाडून कुणाला गुण आलेला मी बघितला नाही," ताई म्हणाल्या. "आणि ओवा कमी पडलाय म्हणालात, तेव्हा मला हसू आवरणं फार जड गेलं."

मी हसायला गेलो आणि रडलो. त्या बाईनं रोज सकाळी माझी थाप हातात झेलली होती, आणि स्वयंपाकघरातसुद्धा कुणाला कळू दिली नव्हती. आम्ही आचारी एकमेकांच्या भाजीत तिखट जास्त पडलं तर वर्षभर गावभर सांगत फिरतो. एवढं मोठं मन माझ्या पाहण्यात नव्हतं, आजही नाही.

ताई उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत खडेमिठाचा एक बारका खडा होता. "आज एवढा चालेल," म्हणाल्या आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी तो जिभेवर ठेवला. वर्षाच्या वर झालं होतं. तो विरघळला तसा जिभेच्या कडांनी, गालांच्या आतून, घशापर्यंत खारट पसरत गेला. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, त्यातलं काही बाहेर निसटू नये म्हणून.

गिरिजाच्या लग्नाचा स्वयंपाक मी केला. सगळी चव परतली होती असं नाही, वास तर पुढं वर्षभर थोडाथोडा परतत राहिला. पण मीठ, आंबट, गोड, तिखट कळत होतं. भूपालला शेजारी उभा केला, प्रत्येक पातेल्यातलं आधी मी चाखलं, मग त्यानं चाखलं, आणि दोघांचं जुळल्यावरच झाकण ठेवलं. वांग्याची भाजी केली, आमटी केली, गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, केली. अक्षता पडल्या तेव्हा मी गिरिजाच्या मागं उभा होतो, हाताला हळद-मसाल्याचा वास घेऊन. पोर मागं वळून हळूच म्हणाली, "मामा, वास आला तुमच्या भाजीचा." निलव्वानं पदर डोळ्यांना लावला.

ताई आल्या होत्या. पहिल्याच पंगतीला बसल्या. आमटीची बादली मी कुणाला धरू दिली नाही, स्वतः वाढत गेलो. ताईंनी भात कालवला, जेवल्या, आणि मीठवाल्या, तेलवाल्या, तिखट आमटीची दुसरी वाटी मागून घेतली. आसपासची माणसं कुजबुजली, की ह्या बाई तर बिनमिठाचं खातात म्हणे. ताईंनी लक्ष दिलं नाही.

मी बादली खाली ठेवली. शेजारच्या घागरीतून पेलाभर पाणी भरलं आणि त्यांच्या पानाजवळ धरलं.

"आज काय घातलंय, सांगा बरं," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. पेला घेतला, घोट तोंडात घोळवला, आणि अगदी माझ्यासारखे, ऐटीत डोळे मिटले. मग तोंडावरची रेषही न हलवता म्हणाल्या, "धने."

"हं," मी म्हणालो, आणि बादली उचलून पुढच्या पानाकडे गेलो, कारण मला समोरचं काही दिसत नव्हतं.